सत्कारानंतरची बाळंतपणं

माझा आयुष्यात एकदाच सत्कार झाला, आणि त्याच सत्काराने मला कामातून उठवलं. कॅन्सरने नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक उगाच त्या रोगाच्या नावाने खडे फोडतात. रोगाने माझा एक अवयव नेला, काम नेलं नव्हतं. काम नेलं ते शाल आणि नारळ घेऊन आलेल्या माणसांनी.

नव्वदच्या दशकात मी कर्जत तालुक्यातल्या एका गावी उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. एकीत मी राहायची, दुसरीत एक लोखंडी खाट, एक टेबल आणि स्टोव्ह. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, नगरला. सुट्टीला यायचा. आम्हाला एकच मुलगी. ती नगरला आत्याकडे राहून कॉलेज करत होती.

गोळ्या वाटणं, लसी टोचणं, कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेससाठी बायकांच्या मागे मागे फिरणं, हे सगळं मी करायची. पण ते पगारापुरतं. माझं खरं काम बाळंतपणं. गावात, वाड्यावस्त्यांवर, कुठूनही बोलावणं आलं की पिशवी उचलायची आणि निघायचं. कळा देणारी बाई शिव्या देते, माझा हात पिरगाळते, चावतेसुद्धा. आणि पोर रडलं रे रडलं की तीच बाई एकदम हसते. तो क्षण मला हवा असायचा. कुणाला भजनाचं वेड असतं, कुणाला जत्रेतल्या कुस्त्यांचं, मला हे.

आम्ही बौद्ध. गावात मोठी घरं शेतकऱ्यांची. त्यांच्यातल्या दोन-तीन घरी माझ्या चहाचा कप वेगळा असायचा, गोठ्याच्या कोनाड्यात पालथा घातलेला. मी तो ओळखायची आणि मुद्दाम म्हणायची, "मावशी, माझा कप धुऊन ठेवत जा हो, त्यात मुंगळे फिरतात." त्या ओशाळायच्या. पण सून अडली की हाच हात त्यांना चालायचा. बाळंतपणाचा विटाळ सगळ्यांनाच, त्यामुळे माझा वेगळा दिसायचा नाही. त्या एका खोलीत मी सगळ्यांच्या बरोबरीची होते. बरोबरीची कसली, वरचढ. सासूलासुद्धा दटावायची, "गप बसा, चीक पिळून टाकायचा नाही, पोराला पाजायचा." आणि ती गप बसायची.

मग एक दिवस अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. शेंगदाण्याएवढी. नर्सच्या हाताला लागल्यावर काय, मला त्याच क्षणी कळलं. मुंबईला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, डावा स्तन काढला. मग इंजेक्शनं, मग किरणांचे शेक. मुलीने कॉलेजचं वर्ष सोडलं आणि माझ्यापाशी राहिली. जखमेची नळी तीच बघायची, पट्टी बदलताना तीच धरायची. पहिल्यांदा पट्टी सुटली तेव्हा मी डोळे मिटून घेतले, तिने नाही मिटले. म्हणाली, "आई, स्वच्छ आहे गं. छान भरतेय." त्या पोरीने माझं न्हाणंधुणं केलं, माझी ओकारी काढली, आणि एकदाही नाक मुरडलं नाही. हे मी कधी विसरले नाही. विसरले असते तर पुढचं सोसायला सोपं गेलं असतं.

गावात आम्ही सांगितलं, पोटातली गाठ काढली. केस गेले ते टायफॉईडने गेले. खोटं बोलायची मला हौस नव्हती, पण कॅन्सर म्हटलं की त्या काळी माणसं दाराबाहेरूनच डोळ्याला पदर लावायची आणि जिवंतपणी पिंडाला कावळा शिवायची वाट बघायची. मला बघायला येणारी माणसं नको होती, बोलवायला येणारी हवी होती.

ब्लाऊजच्या रिकाम्या बाजूला काय भरायचं हा प्रश्न होता. विकत मिळणारं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलीने मऊ कापडाची पिशवी शिवली, कापूस घातला, पण कापूस हलका, वर सरकायचा. मग तिनेच वजनाला म्हणून आत बाजरी घातली. छान बसली. पावसाळ्यात मात्र तिला किडे लागले. एका घरी चहा पीत बसले होते आणि पदराखालून एक सोंडकिडा निघाला, ऐटीत खांद्याकडे चालला. घरातली म्हातारी म्हणाली, "बाई, दळान निवडून आलात का काय?" मी म्हटलं, "हो, आताच निवडलं." घरी येऊन आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. नंतर बाजरीच्या जागी मोहरी घातली.

परत कामावर आल्यावर पहिलं बोलावणं आलं ते शिवारातल्या एका वस्तीवरून. डावा हात सुजायचा, वर उचलताना काखेत ओढायचं. जमेल का ही भीती होतीच. बाई पहिलटकरीण, घाबरलेली, सासू तिच्याहून घाबरलेली. गावची सुईणमावशी माझ्यासोबत होती. तिचं-माझं बरं जमायचं, ती नाळेला हात लावायच्या आधी माझ्याकडे बघायची. पोरगी झाली. ठणठणीत. मी तिला पुसली, आईच्या अंगावर ठेवली, आणि तिने लगेच तोंड लावलं. मला इतकं रडू आलं की सुईणमावशी म्हणाली, "अवो बाई, पोरगी झाली म्हून रडता का काय? तुमीच आमाला समजावता की." मुंबईच्या डॉक्टरांनी मला बरी म्हटलं ते कागदावर. मी खरी बरी झाले ती त्या वस्तीवर.

त्यानंतर बरीच बाळंतपणं केली. आया सुखरूप, पोरं सुखरूप, सगळ्यांना दूध भरपूर. हे लक्षात ठेवा. मी तर ठेवलंच आहे.

आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर तरुण होते, मनाने सज्जन. माझ्या रजेचे कागद त्यांच्याकडूनच गेलेले, म्हणून त्यांना सगळं ठाऊक होतं. एके दिवशी मला म्हणाले, "सिस्टर, गावात महिला मेळावा घेतोय. तुमचा सत्कार करायचा." मी म्हटलं, "कशाबद्दल?" तर म्हणे, "तुम्ही एवढ्या आजारातून उठून कामाला लागलात. बायकांना धीर येईल. एखादी आपणहून गाठ दाखवायला पुढे येईल." नाही म्हणायला हवं होतं. पण हे शेवटचं वाक्य मला लागू पडलं. एक बाई जरी वेळेवर आली तरी झालं, असं वाटलं. म्हटलं, "करा, पण फार बोलू नका." "छे छे, दोन शब्द," ते म्हणाले.

दोन शब्द! आपल्याकडे कुणी कधी माइकवर दोन शब्द बोलून खाली बसलंय?

शाळेच्या पटांगणात मांडव, खुर्च्या, हारतुरे. कर्णे कडुलिंबाला बांधलेले, एकाचं तोंड बाजारपेठेकडे. तालुक्याच्या एक पुढारीणबाई पाहुण्या होत्या. त्यांनी मला शाल पांघरली, नारळ हातात दिला, आणि माइक धरला. "आपल्या या नर्सताईंना," म्हणाल्या, "छातीचा कॅन्सर झाला. त्यांचा एक स्तन डॉक्टरांनी कापून काढला. स्त्रीचं सर्वस्व गेलं! तरी ही माउली तुमच्या सेवेला उभी आहे! टाळ्या वाजवा!" आणि टाळ्या वाजल्या. मांडवातल्या यच्चयावत बायकांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली, आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरायला लागली. कोणता, कोणता? मी शाल पुढे ओढून घेतली. कर्ण्यातून आवाज बाजारपेठेत गेला, चहाच्या टपरीवर बसलेल्या बाप्यांनीसुद्धा ऐकला. माझ्या शरीराची दवंडी पिटली त्या भवानीने, आणि वर मला म्हणाली, "ताई, दोन शब्द बोला." मी म्हटलं, "लेकरांना पोलिओचा डोस पाजा," आणि बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

मेळावा संपल्यावर बायका जवळ आल्या. गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली, दोघी-तिघी खरंच रडल्या. "लई सोसलं बाई तुमी." त्यांच्या मायेत खोट नव्हती, हे मला आजही कबूल आहे. पण गाठ दाखवायला एकही आली नाही. आणि बाळंतपणाला बोलवायलाही कुणी आलं नाही.

आधी वाटलं, योगायोग. मग कळलं की माळावरच्या घरी सून मोकळी झाली, मला पत्ता नाही. मग आणखी एक. नववा महिना भरलेल्या, ज्यांचं पोट मी स्वतः दर महिन्याला तपासलं होतं, त्या बायका कळा सुरू झाल्या की बैलगाडीत, टेम्पोत घालून कर्जतला नेल्या जायला लागल्या, माझ्या दारावरून. शेवटी मी सुईणमावशीला गाठलं. तिला म्हटलं, खरं काय ते सांग. ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "बाई, राग नका धरू. लोक म्हंत्यात, तुमचा हात लागला की आईचं दूध आटतं. जिचं सोताचंच गेलं, ती दुसरीचं बी वडून नेती."

मला आधी हसू आलं. मग नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. मी तशीच पायात चपला अडकवून त्या वस्तीवर गेले, जिथे मी परत आल्यावरचं पहिलं बाळंतपण केलं होतं. पोरगी चांगली गुबगुबीत, आईच्या मांडीवर पीत पडलेली, दूध गालावरून ओघळतंय. मी तिच्या आईला म्हटलं, "माझा हात लागला होता ना? ऑपरेशननंतरच लागला होता. आटलं का गं तुझं?"

ती गोड हसली. म्हणाली, "न्हाई बाई. पर तवा आमाला ठावं कुठं हुतं?"

घ्या! या वाक्याला उत्तर असेल तर मला द्या, मी अजून शोधतेय. माहीत नव्हतं म्हणून बाधलं नाही, आता माहीत झालं म्हणून बाधणार. मी त्या पोरीच्या पायाला हात लावायला वाकले, तशी आईने पदर पोरीवर ओढून घेतला. अगदी हळूच, मला कळू नये म्हणून. मला कळलं.

पुढे कुणाचं तरी पोर आजारी पडून रोडावलं, तेही माझ्या नावावर गेलं. त्या घरी मी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं, पण वड्याचं तेल वांग्यावर काढायला काय लागतं? डॉक्टरांच्या कानावर गेल्यावर ते फार खजील झाले. भला माणूस, काय करावं सुचेना त्यांना. शेवटी त्यांनी मला केंद्रावर बोलावून घेतलं, हलकं काम दिलं. महिन्याचे तक्ते भरायचे, औषधांचे खोके मोजायचे. उपकेंद्रावर दुसरी मुलगी आली, नवी, हाताला जेमतेम सवय असलेली. तिला मात्र बोलावणी यायला लागली.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पगार तोच आहे ना? मग झालं. पायपीट वाचली." सगळे हेच म्हणायचे. नोकरी टिकली, नशीब समज. समजलं नशीब! माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि त्याला खुर्ची द्यायची, आणि वर त्यानेच आभार मानायचे. मी दिवसभर त्या खुर्चीवर बसून खोके मोजायची आणि पलीकडच्या खोलीतून पोर रडल्याचा आवाज आला की आकडा चुकायची. इतका संताप मला त्या रोगाचाही कधी आला नव्हता.

अशात मुलीचं लग्न झालं. नेवाशाकडचं घर, आमच्यातलंच. व्याही नोकरदार, विहीणबाई शाळेत शिक्षिका. लग्नाच्या बोलणीत व्याह्यांनी आम्हाला अर्धा तास ऐकवलं की आमच्या घरात देवदेव नाही, मुहूर्त नाही, अंगारे-धुपारे नाहीत. मी सुखावले. माझी मुलगी शहाण्या माणसांत चालली. आणि तिला दिवस राहिले तेव्हा तिनेच मला फोनवरून सांगितलं, "आई, माझं बाळंतपण तूच करायचंस हं. मला दुसऱ्या कुणाचा हात नको."

त्या एका वाक्यावर मी ते महिने काढले. कात्री घासून ठेवली, जुनी मऊ लुगडी धुऊन त्यांची दुपटी शिवली. डिंक आणला, खारका आणल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर आपला रिवाजच. मनात म्हणायची, गाव गेलं उडत, हे एक बाळंतपण माझ्या हातून झालं आणि माझ्या पोरीला धो धो दूध आलं, की मग बघते कोण काय बोलतं ते. नातवासाठी नव्हते मी तेवढी आसुसलेली. खरं सांगायचं तर, मला माझे हात परत हवे होते.

सातव्या महिन्यात तिला आणायला गेले. विहीणबाईंनी पुरणपोळी वाढली, आग्रह केला, आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुम्ही समजूतदार आहात, विहीणबाई. आम्ही असलं काही मानत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. पण लोक काहीबाही बोलतात, पहिली खेप आहे, उगाच विषाची परीक्षा कशाला? नगरला चांगल्या दवाखान्यात नाव घातलंय. तुम्ही फक्त त्या वेळी खोलीत येऊ नका, एवढंच."

मी मुलीकडे बघितलं. ती ताटातला भात कालवत होती. म्हटलं, आता बोलेल, आता म्हणेल की आई येणारच. ती म्हणाली, "आई, भात वाढू का तुला?"

मी भांडले नाही. माझ्यासारखी बाई भांडली नाही, यावर माझ्या नवऱ्याचा अजून विश्वास बसत नाही. पोटुशी मुलगी, तिच्या सासरचं ताट, कुठल्या तोंडाने भांडायचं?

नगरच्या दवाखान्यात तिचं पोट चिरून मूल काढावं लागलं. मुलगा. मी बाहेरच्या बाकावर. विहीणबाई आत. नातू मला दाराच्या फटीतून दाखवला, दुपट्यात गुंडाळलेला, आणि मी हात पुढे करायच्या आत परत आत नेला. खोलीच्या दारात मी पाऊल ठेवलं नाही. न बोलता दिलेला शब्द पाळला, देवळाच्या पायरीवरच्या भिकाऱ्यासारखी बाहेर बसून पाळला.

दोन दिवस झाले तरी तिला दूध येईना. पोट चिरल्यावर कधी कधी उशीर होतो, घाबरायचं काही नसतं. पोराला नीट जवळ धरायचं, पुन्हा पुन्हा लावायचं, आईला धीर द्यायचा, की येतं. मी आयुष्यभर हेच तर केलं होतं. आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं, भुकेचं रडणं, ते मी झोपेतही ओळखेन. विहीणबाई वाटी-चमच्याने वरचं दूध पाजत होत्या. मी नर्सला दोनदा सांगून पाहिलं, असं धर म्हणावं, तसं धर म्हणावं. ती मान हलवून निघून गेली. माझे हात असे शिवशिवत होते की मी ते मांडीखाली घालून बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी विहीणबाई अंघोळीला नातेवाइकांकडे गेल्या. दार लोटलेलं होतं. आतून मुलीची हाक आली, "आई."

मी उठले. आधी नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून, काम सुरू करायच्या आधी धुवायची तसे. मनात म्हटलं, आली गं बाई माझी पोरगी शुद्धीवर. दारात जाऊन उभी राहिले. ती उशीला टेकून बसली होती, डोळे रडून सुजलेले. पोर मांडीवर किरकिरत होतं. मी उंबऱ्यावर थांबले, ती ये म्हणेल म्हणून.

"आई," ती म्हणाली, "मी गुंगीत होते तेव्हा तू आत आली होतीस का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तिने पदर सावरला आणि पोराच्या अंगावर ओढून घेतला.

"आई, खरं सांग," ती म्हणाली.